काबरी आणि पिंजरा

फार मागे, एका तुरुंगाच्या आवारात काबरी नावाची म्हातारी मांजर राहायची. गजांआड गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

एकदा भानुदास नावाच्या कैद्यानं भिंतीकडेला पिंजरा मांडला आणि आत सुकट ठेवली. आजारी मांजरांना दवाखान्यात न्यायचं होतं. काबरीच्या लेकीचा, सोनकीचा, पाय चिघळला होता. वास येताच ती लंगडत निघाली.

"मागे फिर!" काबरी फिस्कारली. "आत पाऊल टाकलंस तर मला मेलीस."

सोनकी मुकाट्यानं आईच्या कुशीत परतली. मग एक खरजुला बोका आत शिरला. खटकन दार पडलं आणि माणसं त्याला घेऊन गेली.

"बघितलंस?" काबरी म्हणाली.

पुढच्या काही आठवड्यांत पायाचं विष अंगभर भिनलं आणि आईच्या कुशीतच सोनकी गेली.

दुसऱ्याच सकाळी भानुदासनं पिंजरा परत आणला आणि दार उचललं. "जा बाबा, तुझी शिक्षा संपली." बोका ऐटीत बाहेर पडला. खरूज बरी झाली होती, नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक तेवढं कापलं होतं.

भानुदासनं आत नवी सुकट ठेवली आणि इकडंतिकडं पाहिलं.

"म्हातारे, तुझी लंगडी लेक कुठंय गं? आज तिला न्यायचंय."

काबरी त्या उघड्या दाराकडे बघत बसली.