ठेवणीतली प्लेट

कृष्णाकाठच्या एका गावात मंदाकिनीबाई राहत. चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते, असा त्यांचा पक्का समज होता. नवे कप पाहुण्यांसाठी, नव्या चादरी सणासाठी. सोफ्यावरचे दुकानातले प्लास्टिकसुद्धा त्यांनी अजून काढले नव्हते.

त्यांची मुलगी केतकी अकरा वर्षांची. तिचा खालचा जबडा मागे राहिला होता, वरचे दात पुढे आले होते आणि ओठ काही केल्या मिटत नसत. दातांच्या डॉक्टर पाठारेबाईंनी तिला प्लेट करून दिली. एक तुकडा वर, एक खाली. तोंड मिटले की खालचा जबडा आपोआप पुढे सरके.

"दिवसरात्र घालायची," डॉक्टर म्हणाल्या. "वाढ चालू आहे तोवरच जबडा पुढे येईल. नंतर ऑपरेशनशिवाय इलाज नाही."

मंदाकिनीबाईंनी घरी येताच प्लेट मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवली. "नाजूक वस्तू आहे, खराब होईल. लग्नकार्यात घालू." केतकीलाही ते बरेच वाटले. दवाखान्यात प्लेट घालून बघताना ती बोबडी बोलली होती; वर्गातली मुले चिडवतील, अशी तिला धास्ती होती. मायलेकी दोघी खूश.

दिवाळीनंतर दोघी दवाखान्यात गेल्या. "बघा, ओरखडासुद्धा नाही," मलमलीतून प्लेट काढून दाखवत मंदाकिनीबाई कौतुकाची वाट बघत म्हणाल्या.

डॉक्टरांनी केतकीचे तोंड तपासले. "जबडाही जिथल्या तिथेच आहे. उंची मात्र वाढली हिची. वाढीचे दिवस हातचे चाललेत, बाई. प्लेट का घातली नाही?"

मंदाकिनीबाई गडबडल्या. "पोरगी ऐकतच नाही हो," त्यांच्या तोंडून निघून गेले.

केतकीला हे फार लागले. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे तिला सांगता आले असते. पण प्लेट तिलाही नकोच होती, हेही खरे होते.

"मलाच घालायची नव्हती," ती म्हणाली. "आता घालीन." आणि तिने तिथेच प्लेट घातली.

मंदाकिनीबाईंची मान खाली गेली. "नाही हो डॉक्टर, खोटं बोलले मी. कपाटात मीच ठेवली होती."

वर्गातली मुले हसायची ती हसलीच. केतकीने बोबड्या बोलांत कविता म्हटल्या, पाढेही म्हटले. शेवटी हसणारेच कंटाळले.

पुढच्या दिवाळीपर्यंत तिचा जबडा पुढे आला, ओठ नीट मिटू लागले. डॉक्टरांनी प्लेट हातात घेतली. रंग उडालेला, कडा झिजलेल्या, जागोजागी ओरखडे.

"फार खराब झाली हो," मंदाकिनीबाई सवयीने म्हणाल्या.

"आता कुठे ती कामाला आल्यासारखी दिसतेय," डॉक्टर म्हणाल्या.

तात्पर्य इतकेच: वस्तू कपाटात जपून ठेवता येते, वाढीचे वय ठेवता येत नाही.