आडवा घातलेला मिठाचा पडाव

फार पूर्वी अपरांत देशावर विजितसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व खाडीकाठच्या एका गावात मिठाच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. बंदरोबंदरी मीठ विकता विकता त्यांनी समुद्राची नस ओळखली होती. गिऱ्हाइकाची तर त्याच्याही आधी.

एका सकाळी मासळी इतकी किनाऱ्याला लागली, की बायका ती टोपल्यांनी उपसू लागल्या. गावचा तांडेल सिवनाक होडी सोडता सोडता म्हणाला, "शेट, मासळी खारवायला मीठ काढून ठेवा. आज तुमचं मिठागर धुऊन नेतो!"

बोधिसत्त्वांचं लक्ष समुद्राकडे होतं. झाडाचं पान हलत नव्हतं, तरी लांबच लांब लाटा येऊन वाळूवर जड आदळत होत्या. किनाऱ्याचा प्रवाहही नेहमीच्या उलट चालला होता.

"सिवनाका, वाऱ्यावाचून अशी लाट मी मागे एका बंदरात पाहिली. दुसऱ्या दिवशी ते बंदर शोधावं लागलं. होड्या वर ओढून घ्या."

"वादळाची हूल उठवून मीठ महाग करायचं असेल तर सरळ सांगा की!"

सगळे हसले आणि होड्या खाडीतून सुटल्या. बोधिसत्त्व हाक मारणार, तोच त्यांची पत्नी धामा हिने हात धरला. "निघालेल्या होडीला मागून हाक मारायची नसते. अपशकुन मागे टाकायला ते न थांबता दुप्पट जोराने वल्ही मारतील."

"मग पुढून मारू."

खाडी वळसा घालून समुद्राला मिळत होती. दोघं मिठागराच्या बांधांवरून पळत होड्यांच्या आधी मुखाशी पोचले. तिथे मिठाने भरलेला त्यांचा पडाव, मालवाहू मोठी होडी, नांगरून ठेवला होता.

"वर्षाचं मीठ आहे हे," धामा म्हणाली.

"मीठ पुन्हा पिकेल. सिवनाकाच्या होडीत त्याचे दोन्ही भाऊ आहेत."

धामानेच दोर सोडला. दोघांनी पडाव अरुंद वाटेत आडवा घातला आणि बोधिसत्त्वांनी कुऱ्हाडीने त्याचा तळ फोडला. पडाव तिथेच बसला. दोन्ही बाजूंना वाळूचे दांडे, त्यात ओहोटी. वाट बंद झाली.

"डोकं फिरलं का शेट?" होडीतून सिवनाक ओरडला.

"फिरलंय. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण भरती येईपर्यंत थांब."

सिवनाकाने शिव्यांना सुरुवात केली खरी, पण पडावातलं मीठ विरघळताना पाहून तो अडखळला. नफ्यासाठी माणूस खोटं बोलतो. स्वतःचा माल बुडवून कोण खोटं बोलेल? त्याने प्रथमच मान वर करून दक्षिणेकडे पाहिलं. आभाळाची कड तांबूस काळी झाली होती.

"वळवा रे होड्या!" तो म्हणाला.

दुपारी वादळ आलं, तेव्हा होड्या झाडांना बांधलेल्या होत्या आणि गाव टेकडीवर होतं. होड्यांचा धक्का गेला, खालची घरं गेली, मिठागराचे बांध वाहून गेले. माणूस मात्र एकही गेला नाही.

वारा पडल्यावर सिवनाक बांध घालायला मातीची टोपली घेऊन मिठागरावर आला. मागे सारं गाव होतं.

"आधी आपली घरं उभारा," बोधिसत्त्व म्हणाले.

"उभारू. पण मासळी आपल्या पायांनी येते शेट, मिठाला पाय नाहीत. बाजूला व्हा."

ही हकिगत सांगून शास्ते, म्हणजे पुढे बुद्धत्व पावलेले तेच बोधिसत्त्व, भिक्षूंना म्हणाले, "तो तांडेल आजचा माझा शिष्य आनंद, धामा ती राहुलमाता, ते गावकरी म्हणजे तुम्ही सगळे, आणि मीठवाला मी होतो. मीठ गेलं, ते दान झालं. हसणाऱ्यांनाही सोडून दिलं नाही, ती करुणा."