येसबाच्या तोंडातले दाणे

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही बरं का. गोष्ट आहे त्याच्या सूर्यफुलांच्या राखणदाराची. सरक जरा तिकडे, मला पाय पसरू दे. हं.

तर या राखणदाराचं नाव येसबा. शेताच्या मधोमध उंच माळा, त्यावर हा उभा, हातात गोफण. पाखरू दिसलं की गोफण गरगर फिरवायचा आणि ओरडायचा, "हाऽ हो! हाऽ हो!" आवाज असा खणखणीत, की कोसावरची चिमणीसुद्धा चोचीतला दाणा टाकून पळायची. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं. मग तो म्हातारा झाला, आणि त्याचे डोळे गेले.

आता येसबाचा एक नेम होता. सकाळी सूर्याला हात जोडल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. एकदा तो तापानं फणफणला. त्याच्या पोटात चार घोट पेज लवकर जावी, म्हणून त्याच्या बायकोनं, हिरूनं, उजाडायच्या आधीच सांगितलं, "अहो, उजाडलं." नेमकं ते उघडकीला आलं. झालं! तेव्हापासून म्हातारा तिचं ऐकेना. अंगावर ऊन आलं, तर म्हणे, "हा चुलीचा शेक." कोंबडा आरवला, तर म्हणे, "त्या मेल्याला काय कळतंय? पाखरांचा थवा किलबिलला, की मी उठेन."

आणि पाखरं तर त्याच्या घराकडे फिरकतही नव्हती. कशी फिरकतील?

मग काय, म्हातारा नुसत्या पाण्यावर. आधीच ताप येऊन गेलेला, त्यात उपास. हिरूचा जीव तीळ तीळ तुटायचा. "मीच खोटं बोलले," म्हणायची आणि पदरानं डोळे पुसायची.

मग तिनं गाडग्यातल्या सूर्यफुलाच्या बिया काढल्या. सकाळी अंगणात पसरल्या. घाबरत घाबरत एक चिमणी आली. चिव! येसबा ताडकन उठला आणि सवयीनं ओरडला, "हाऽ हो!" चिमणी भुर्रर!

"अहो, काय केलंत हे!"

"एकटंदुकटं पाखरू रात्रीही दचकून ओरडतं," येसबा म्हणाला. "चाळीस वर्षं राखण केलीय मी. मला शिकवू नकोस."

हट्टी म्हणजे किती हट्टी! हसू नका, तुमच्यातही एक जण आहे तसा.

दुसऱ्या दिवशी हिरूनं त्याच्या तोंडाला उपरणं बांधलं. चिमणी आली, मागून साळुंकी आली. पण येसबाचा हात आपोआप उशाखाली गेला. गोफण निघाली, गरगर फिरली. पाखरं पसार. मग मात्र म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "हिरू," तो म्हणाला, "माझ्या तोंडाचा नि हाताचा भरवसा नाही गं."

तिसऱ्या दिवशी तो आपणहून अंगणात जाऊन बसला. दोन्ही हातांची ओंजळ करून तीत बिया घेतल्या. आणि तोंड? तोंडातही बिया कोंबल्या, गाल फुगेपर्यंत! पोटात आग पडली होती, बरं का. तोंडात दाणे होते. पण त्यानं एकही गिळला नाही.

मग चिमणी आली. साळुंकी आली. मग पोपटांचा थवाच्या थवा उतरला. किलबिल, किलबिल! ओंजळीतले दाणे संपले. तेव्हा चिमणी त्याच्या खांद्यावर बसली आणि ओठांमधून एकेक दाणा काढून घेऊ लागली. येसबाच्या आंधळ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तोंड रिकामं झालं, तसा तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी तुम्हाला उपाशी हाकललं गं बायांनो."

आणि चिमणी माणसासारखी बोलली! म्हणाली, "आज तोंडातला घास दिलास ना, बाबा? ऊठ. उजाडलंय. आणि आता हिरूचं ऐकत जा. ती एकदाच खोटं बोलली, तेही तुझ्या पोटासाठी."

येसबानं सूर्याला हात जोडले. हिरूनं धावत जाऊन पेज आणली. तिनं वाटी त्याच्या हातात दिली, तेव्हा तिची बोटं त्याला लागली. नुसती काडी झाली होती.

"हिरू, तू कधी जेवलीस?"

"आधी तुम्ही घ्या," हिरू म्हणाली.

येसबानं वाटी चाचपत चाचपत तिच्याच ओठांना लावली. "आधी तू," म्हणाला.

मग दोघंही जेवली, पाखरंही जेवली, आणि रोज तशीच जेवत राहिली. चला, डोळे मिटा बघू आता. अंगाईबिंगाई काही नाही हं, मला झोप आलीय.