सातूच्या दाण्यातली कातरी

धान्याला बोलता यायचं त्या काळी, सातूच्या एका दाण्यात कातरी नावाची विकरबाई, म्हणजे एन्झाइम, राहायची. काम एकच, दाण्यातलं पीठ कातरून त्याची साखर करायची आणि कोंबाला भरवायची. कितीही कातरलं तरी ती स्वतः झिजत नसे.

एकदा दाणा पाण्यात भिजला. "ऊठ रे सोन्या, पेरणी झाली!" म्हणत कातरी कामाला लागली. कोंब वाढू लागला.

वरचं टरफल म्हणालं, "अगं बये, हे शेत नव्हे, दाण्यांना मोड आणून वाळवतात तो माल्टचा कारखाना आहे. यांना तुझी कातर हवी, तुझं पोर नको. थांब जरा."

"पोर भुकेलं असताना थांबू होय, टरफलदादा?"

मग भट्टीचा गरम वारा सुटला. कोंब वाळला आणि चाळणीवर घासून गळून पडला. कातरी तेवढी तगली. दाणा भरडून पिठा-टरफलासकट तिला कोमट पाण्याच्या टाकीत टाकलं.

"आता कुणासाठी कातरतेस गं?" टरफल कळवळलं.

"हात थांबतच नाहीत रे, दादा."

सगळी टाकी गोड झाली, तसा खालचा जाळ वाढवला. उकळत्या पाण्यात तिची कातर वाकडी झाली ती कायमचीच. तरी ती विचारत होती, "एवढं गोड झालंय, माझा सोन्या कुठाय?"