राखून ठेवलेला उंबरा

चैत्र वद्य पंचमी, दिवसाचा तिसरा प्रहर. कुरंगपूर नगर, नदीकडून येणाऱ्या रस्त्यावरचे सोमिल श्रेष्ठीचे नवे घर. दार उघडे होते. दाराशी पाण्याचा रांजण काठोकाठ भरलेला होता. घरात सोमिलाच्या कुटुंबातली सात माणसे होती.

त्या काळी कुरंगपुरात अनिलसेन राजा राज्य करीत होता आणि बोधिसत्त्व सुताराच्या कुळात जन्मला होता. सोमिलाचे घर त्यानेच बांधले होते. उंबरा त्याने बुटका ठेवला, म्हणजे म्हाताऱ्या पायांना उचलण्याचे कष्ट नकोत. ओसरीवरचा बाक इतका रुंद केला, की चालून दमलेला माणूस त्यावर आडवा होईल. रांजणाची तिवई कमरेइतकी उंच केली आणि तिला तांब्या अडकवायला एक खुंटी ठोकली. आल्यागेल्याने कुणाला हाक न मारता पाणी घ्यावे, अशी त्याची कल्पना होती. साऱ्या घरात त्याला ती खुंटी सर्वांत आवडायची.

कुरंगपुरात एक समजूत होती. नव्या घराचा उंबरा जो पहिल्यांदा ओलांडील, त्याचे नशीब त्या घराला लागते. या कामासाठी कुणी माहेरवाशिणीला बोलावी, कुणी लेकुरवाळ्या शेजारणीला. सोमिलाने राजाला बोलावले. राजाने होकार दिला आणि घर मनासारखे असले तर सुतारालाही राजसुतार करू, असे सांगितले. बोधिसत्त्व पंधरा वर्षे परगावी घरे बांधत फिरत होता. त्याची बायको आणि दोन मुली गावी दुसऱ्याच्या पडवीत राहत होत्या. राजसुताराला नगरात घर मिळत असे.

पण राजा आला नाही. ‘उद्या येतो’ असा निरोप आला. दुसऱ्या दिवशीही तोच आला. असे नऊ दिवस गेले. रोज पहाटे अंगण सारवून दारात मोराची रांगोळी निघे आणि रोज संध्याकाळी ती तशीच पडून असे. राजाच्या आधी कुणाचे पाऊल पडू नये म्हणून घरची माणसे गोठ्यातून ये-जा करीत. गोठ्याच्या दाराला उंबराच नाही, तेव्हा ते चालते, असा निर्वाळा पुरोहिताने दिला होता. माजघर, ओसरी, बैठक सारे झाकून ठेवलेले. जेवणे गोठ्यालगतच्या कोठीत उरकत.

सोमिलाची आई वसुला सत्तरीची होती. त्या दुपारी ती गोठ्यात पेंढीवर टेकली होती आणि बोधिसत्त्व गव्हाणीची निखळलेली फळी ठोकत होता.

“सुतारा, बाक चांगला केलायस म्हणतात,” ती म्हणाली.

“म्हणतात? आई, तुम्ही बसला नाहीत अजून?”

“कोण बसू देतंय! नऊ दिवस झाले, मी या गाईच्या मागून घरात जाते. आता तीसुद्धा सरकून जागा देते मला. पाहुणी समजत असेल.”

बोधिसत्त्व हसला. तेवढ्यात वसुलाने हात वर केला.

“थांब. पुढे कुणीतरी पाणी मागत होतं. मघाशी दोनदा हाक आली. आता येत नाही.”

“घरात माणसं आहेत, दिलं असेल.”

“दिल्याचा आवाज येतो रे. भांडं वाजतं. वाजलं नाही.”

बोधिसत्त्वाने हातोडी खाली ठेवली आणि तो बोळातून वळसा घालून पुढे गेला.

पायऱ्यांच्या खाली एक म्हातारा उन्हात पडला होता. काखेत नवे विणलेले सूप होते, ते त्याने पडतानाही सोडले नव्हते. रांगोळीतल्या मोराचे एक पीससुद्धा मोडले नव्हते. म्हातारा तिच्या काठापर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता. दोन हातांवर रांजण होता. खुंटीवर तांब्या नव्हता.

सकाळी तो तिथे होता. बोधिसत्त्वाने स्वतः पाहिला होता.

त्याने ओंजळीने पाणी काढले आणि म्हाताऱ्याच्या ओठांना लावले. बरेचसे सांडले. म्हाताऱ्याचे अंग तापल्या तव्यासारखे झाले होते. रस्त्यावर त्या वेळी तळहाताएवढीही सावली नव्हती. सावली ओसरीवर होती.

त्याने म्हाताऱ्याला उचलले, तसा सोमिल खिडकीतून ओरडला, “सुतारदादा, काय करताय? राजाची स्वारी वेशीशी आली आहे! आत्ताच वर्दी आली!”

“येऊ दे. याला आधी आत घेतो.”

“गोठ्यातून घ्या ना मग!”

“तेवढा वेळ याच्यापाशी नाही, श्रेष्ठी.”

“अहो, घर माझं बुडेल आणि राजसुतारपद तुमचं! बायकापोरांना काय सांगणार आहात?”

बोधिसत्त्व क्षणभर थांबला. आपल्या मुली कुणाच्या पडवीत झोपतात हे त्याला आठवले. मग त्याने मोरावर पाय ठेवला, पायऱ्या चढला आणि उंबरा ओलांडला.

त्याने म्हाताऱ्याला बाकावर निजवले. मागोमाग वसुला आली, तीही पुढच्या दाराने. हातात ताकाचा गडू होता. तिने पदर भिजवून म्हाताऱ्याच्या कपाळावर ठेवला. म्हाताऱ्याने डोळे उघडले.

“लेकीकडे चाललो होतो,” तो म्हणाला. “तिळवणीला. सूप मोडलंय तिचं.” मग वरच्या तुळयांकडे पाहून त्याने विचारले, “कुणाचं घर हे? बाहेरून देऊळ वाटलं मला. म्हणून पाय नाही ठेवला.”

“आमचंच आहे, दादा,” वसुला म्हणाली. “मीही आजच आले. पड निवांत.”

त्याने दोन घोट ताक घेतले. तिसरा घेतला नाही.

राजा आला तेव्हा वसुला म्हाताऱ्याचे डोळे मिटत होती. राजाने अंगणात पाहिले. मोराची मान पुसली गेली होती, पिसाऱ्यावर पावलांचे ठसे होते.

“रांगोळी कुणी मोडली?” राजाने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. सगळ्यांनी बोट दाखवले.

“मी मोडली, महाराज,” बोधिसत्त्व म्हणाला. “माणूस उन्हात पडला होता. दारात पाणी असून त्याला मिळालं नाही. मला यायलाही उशीर झाला.”

राजाने बाकाकडे पाहिले. प्रेत असलेल्या घरात पाऊल टाकणे अशुभ, असे सांगत पुरोहित त्याच्या कानाशी लागला. राजाने हत्ती वळवला. राजसुतारपदाचे नाव पुन्हा कुणी काढले नाही. रांजणाजवळून राजा गेला, पण खुंटी रिकामी का, हे त्याने विचारले नाही.

ते वसुलाने विचारले. मुलाला विचारले, सुनेला विचारले, दोन्ही नातवांना, नातसुनेला आणि विधवा नणंदेला विचारले. प्रत्येकाने सांगितले, हाक ऐकली, पण दुसरे कुणीतरी जाईल असे वाटले. तांब्याचे कुणीच काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो कोठीतल्या पिठाच्या डब्यात सापडला, फडक्यात नीट गुंडाळलेला. पाणी सांडून रांगोळी भिजू नये एवढी काळजी कुणीतरी घेतली होती.

वसुलाने तो पुन्हा खुंटीवर अडकवला आणि त्या दिवसापासून ती बाकावरच बसू लागली. ती असेपर्यंत त्या घराचे दार कुणासाठी राखून ठेवले गेले नाही. बोधिसत्त्वाने हत्यारे बांधली, सूप काखेत घेतले आणि तिळवणीची वाट धरली. म्हाताऱ्याच्या लेकीला बातमी सांगणे त्याच्या वाट्याला आले. तिथून तो आपल्या बायको-मुलींकडे गेला आणि आयुष्यभर परक्यांची घरे बांधत राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, ज्या गावात सांगितली, तिथे भिक्षुसंघाच्या स्वागतासाठी नवा मंडप उभारला होता. संघ येईपर्यंत त्यात कुणी पाऊल ठेवायचे नाही, असे गावाने ठरवले होते. त्या दुपारी एक गरोदर बाई सावली मागायला आली होती आणि तिला वाटेला लावले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या जन्मीचा सोमिल श्रेष्ठी म्हणजे हा मंडप बांधणारा उपासक. तेव्हाचा राजा म्हणजे इथला ग्रामप्रमुख. वसुला म्हणजे मागे बसलेली ही वृद्ध भिक्षुणी वरुणा, जी त्या बाईला शोधायला जाऊन नुकतीच एकटीच परत आली आहे. आणि तो सुतार मीच होतो. घराला घरपण येते ते करुणेने. तिलाच आतिथ्य म्हणतात, आणि घरच्या माणसांनाही तिची तितकीच गरज असते.”

उपासकाने हात जोडून विचारले, “भंते, आणि तांब्या लपवणारा कोण होता?”

शास्त्यांनी मंडपाच्या दाराकडे पाहिले. तिथे रांजण होता, भरलेला. बाजूची खुंटी रिकामी होती.

मंडपात दोनशे माणसे बसली होती. कुणीही उठले नाही.