द्रुपदाचा सवाल

तालुक्याच्या कोर्टात द्रुपदा चार वर्षांच्या मनूला कडेवर घेऊन उभी होती. पोर आज हातची जाणार, या धास्तीनं बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवऱ्यानं तिनं मागितलेला घटस्फोट नाकारून मोहोळकरांसारखा नामांकित वकील दिला होता.

मोहोळकर गरजले, "साहेब, ही बाई वेडसर आहे. पोरीला हिच्याजवळ ठेवणं धोक्याचं आहे. पोर बापाकडे द्या."

"आणि बाईंची पोटगी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पोटगी कशाला? माझे अशील मोठ्या मनाचे! बाईंनी आजच नांदायला यावं. रांधावं, सासूबाईंचं औषधपाणी बघावं."

द्रुपदानं मनूला घट्ट धरलं आणि ती हळूच म्हणाली, "साहेब, मी वेडी म्हणून पोरीला माझ्याजवळ ठेवायची यांना भीती वाटते. मग माझ्या हातचं जेवायची कशी वाटत नाही?"

कोर्टात खसखस पिकली. मोहोळकर बोलायला उठले, तोवर नवराच घाईनं बोलून गेला, "छे छे साहेब, भीती कसली? स्वयंपाक, आईचं औषध, सगळं ती अगदी नीट बघते!"

मोहोळकरांनी कपाळावर हात मारला.

मनू आईकडेच राहिली, पोटगीही मंजूर झाली. त्या संध्याकाळी द्रुपदानं झकास स्वयंपाक केला, पण दोघींपुरताच.