डावा हात

"…आणि हा, मास्तर? हा कुठल्या रकान्यात लिहू?"

मकरंदने कागद पुढे केला. त्यावर दोन रकाने होते. एक नवशिक्यांचा, एक कलावंतांचा. वाद्यांच्या एका दुकानाने त्याला स्वस्तातले कीबोर्ड पारखून यादी करायला सांगितली होती.

हमजा मास्तर मिरजेत पेट्या जुळवायचे आणि शिकवायचे. मकरंद गेली दहा वर्षं त्यांचा शिष्य. त्याला सुराचा कान होता, त्याहून जास्त मतं होती. माझी पेटी दुरुस्तीला टाकून मी बाजूला बसलो होतो.

समोरचा कीबोर्ड ताराबाईंचा; त्याच दुकानातून घेऊन त्या तो मास्तरांना दाखवायला आल्या होत्या. तीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम करून त्या निवृत्त झाल्या आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी काही घेतलं, ते हे.

मग मकरंदनेच उत्तर दिलं.

"कुठल्याच नाही. पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. शिकणाऱ्याचा हात बिघडेल आणि कलावंत तर याला शिवणारही नाही. बाई, हे खेळणं आहे. दुकानवाले आज परत घेतील."

ताराबाई खोक्यात थर्माकोल नीट बसवू लागल्या.

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "दुसरा न्हाई घ्यायची मी. ह्या वयात मला तरी कुठं येनार हाय…"

मला वाईट वाटलं. पण मकरंद खोटं बोलत नव्हता. त्या पट्ट्या मीही दाबून पाहिल्या होत्या.

"थांबा, बाई," मास्तर म्हणाले. "मला जरा बघू द्या की. मी ह्याला कधी हात लावलेला न्हाई."

ते मांडी घालून बसले. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. डावा सवयीने मागे गेला, भाता शोधत.

मकरंद हसला. "मास्तर, ह्याला भाता नसतो."

"व्हय की…"

हात हवेतच राहिला. मग चाचपडत पुढे आला आणि एका खिट्टीवर थांबला.

"हे काय?"

"आवाज कमीजास्त करायचं."

मास्तरांनी खिट्टी खाली सरकवली. वर सरकवली. पुन्हा खाली.

आणि वाजवायला लागले.

उजवा हात सूर धरायचा, डावा त्यात हवा भरायचा. प्रत्येक सूर कुठूनसा अलगद यायचा, भरायचा आणि हळूच विरायचा. पट्ट्या त्याच, हळू आणि जोरात यातला फरक न कळणाऱ्या. तरी त्या प्लॅस्टिकच्या पोटात कुणी श्वास घेतंय असं वाटत होतं. माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं पेटी ऐकतोय मी, असं कधी झालं नव्हतं.

ताराबाईंच्या हातात थर्माकोल तसाच होता.

मास्तर थांबले.



मकरंद उठला. ताराबाईंच्या पुढ्यातलं खोकं उचलून त्याने दाराबाहेर ठेवलं. परत येऊन मास्तरांसमोर बसला. कागद त्याने पुन्हा पुढे केला.

"मास्तर… कुठल्या रकान्यात लिहू?"

मास्तर अजून ती खिट्टी हळूहळू सरकवून बघत होते. त्यांनी वर न बघता पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं, नवशिक्यांत, बाईंचं नाव लिही. त्याच्याखाली माझं."